बंदुकीचा बार आणि आपले कान



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, राजकारण किंवा फार तर अर्थशास्त्र ह्यांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमच्या आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. हिंगणघाट हे कापसाचे गाव. सरकी, रुई, गाठी आणि भाव ह्यांची चर्चा येथे उदंड चालते. पण बंदुकीच्या आवाजाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारले तर ते वावगे होणार नाही. म्हणून प्रथम त्या संबंधाचेच थोडे बोलू.

ज्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे, त्याच जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळा भांडार आहे. २०१६ च्या मे महिन्याअखेरीस त्या भांडारात भीषण आग लागून स्फोट झाले, त्यात अनेक जवान आणि अग्निशामक दलाची माणसे मृत्युमुखी पडली, हे आपण विसरलो नाही. पण ती अपवादाची गोष्ट झाली. नित्याची गोष्ट निराळीच आहे. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि तेव्हापासून लहान लहान गावांतील मुलामुलींच्या हाती शिबिरात का होईना, पॉइंट टू टू ची रायफल येऊ लागली. पोलीस भरती झालेला तरुण, बँकेच्या दारावरचा पहारेकरी, पीकसंरक्षणाचा परवाना घेतलेला शेतकरी हे सगळे आपल्यातलेच. रोही आणि रानडुकरे हाकलण्यासाठी सुतळी बॉम्ब लावणारे आणि नळीत कार्बाइड घालून बार काढणारे तर बांधाबांधावर भेटतील. त्यात महाराष्ट्राच्या नेमबाजांनी अलीकडे केवढे नाव काढले आहे पाहा. अंजली भागवत २००२ साली म्युनिकला विजेत्यांतली विजेती ठरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत ह्यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि स्वप्नील कुसळे ह्यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. ही नावे वर्तमानपत्रात वाचून आपल्या गावची मुलेही उद्या रेंजवर जाऊ म्हणतील. त्यांनी जावे, असेच आम्हाला वाटते. मात्र जाताना नेमके जसे डोळे नेतात, तसे परत येताना त्यांनी कानही शाबूत आणावेत, एवढ्यासाठी हे व्याख्यान आहे.

बार उडतो म्हणजे होते काय? काडतुसातली दारू पेटली की तिचा क्षणार्धात वायू होतो. हा वायू गोळीला ढकलीत नळीतून पुढे नेतो. गोळी तोंडाबाहेर पडताच तिच्यामागे कोंडलेला तो तप्त वायू एकदम मोकळा होतो आणि भोवतालच्या हवेवर आदळतो. बाटलीचे बूच उडते तेव्हा जे होते तेच, पण शेकडो पटींनी जोरात. ह्या आदळण्याने दाबाची जी लाट निघते तिला आपण बार म्हणतो. हा पहिला आवाज. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा असतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल, तर ती हवा चिरीत जाताना चाबूक फुटल्यासारखा कडाका करते. जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर जाते आणि ध्वनी सुमारे ३४० ते ३६० मीटर. म्हणून लक्ष्याजवळच्या खंदकात बसलेल्या माणसाला आधी गोळीचा कडाका ऐकू येतो आणि मागाहून नळीचा बार येऊन पोचतो.

ध्वनीच्या वेगाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्याच हिंगणघाटी वारला. त्याची कबर येथे आहे. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने मद्रासच्या वेधशाळेतील गोल्डिंगहॅम ह्याचा एक निबंध छापला. मद्रासचा किल्ला आणि सेंट थॉमस माउंट येथून रोज तोफा सुटत. त्यांचा उजेड दिसल्यापासून आवाज कानी येईपर्यंतची सेकंदे मोजून त्याने ध्वनीचा वेग काढला आणि हवेतल्या फरकाप्रमाणे तो बदलतो असे दाखवले. हवा तापली की ध्वनी अधिक वेगाने जातो. आपल्याकडच्या वैशाखातल्या ४५ अंशांत तो सेकंदाला ३५८ मीटरच्या घरात असतो. तोफेच्या आवाजाने विज्ञानाची अशी सेवा केली. मात्र त्या तोफेपाशी उभ्या असलेल्या गोलंदाजांच्या कानांचे काय झाले, ह्याची मोजणी कोणी केली नाही.

आता थोडा हिशेब. आवाज डेसिबेलमध्ये मोजतात. ही मोजपट्टी फसवी आहे, कारण ती बेरजेने चढत नाही, गुणाकाराने चढते. दहा डेसिबेल वाढले की आवाजाची तीव्रता दसपट होते; वीस वाढले की शंभरपट. आपले साधे संभाषण साठ डेसिबेलच्या आसपास चालते. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा घातली आहे. छोट्या पॉइंट टू टू रायफलीचा बार डागणाऱ्याच्या कानापाशी १४० च्या आसपास जातो आणि मोठी रायफल किंवा बारा बोअरची बंदूक १५० ते १६५ पर्यंत चढते. संभाषण आणि एकशे चाळीसचा बार ह्यांत अंतर ऐंशीचे, म्हणजे तीव्रतेत दहा कोटी पटींचे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकदम होणाऱ्या आवाजासाठी शिखरमर्यादा मोठ्या माणसास १४० आणि मुलांस १२० सांगितली आहे. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे लक्षात येते की, उघड्या कानाने छोटी रायफल झाडणारा विद्यार्थी त्याच्या वयाच्या मर्यादेच्या पार पलीकडे उभा असतो.

कोणी म्हणेल, निसर्गाने कानाला काहीच संरक्षण दिले नाही काय? दिले आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा अडवतो. पण त्याला आखडायला सेकंदाचे काही शतांश लागतात आणि बार तर काही सहस्रांशांत होऊन जातो. चोर पसार झाल्यावर दाराला कडी घालावी, तशातला हा प्रकार.

आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक पोकळी आहे. तीत सूक्ष्म केसांच्या पेशी रांगेने उभ्या असतात. आवाजाच्या लाटेने त्या डोलतात आणि तो निरोप मेंदूला पोचवतात. आपण शेतकरी मंडळी आहोत, म्हणून ज्वारीच्या उभ्या पिकाचा दाखला देतो. वारा सुटला की ताटे वाकतात आणि वारा पडला की पुन्हा उभी राहतात. एखाद्या लग्नाच्या बँडनंतर कानात दडे बसतात आणि सकाळी सुटतात, ते असे. पण वादळ आले की ताटे मोडतात. मोडलेले ताट उभे राहत नाही. शेतात पुढल्या वर्षी नवे पीक येते. कानात येत नाही. माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली की ती पुन्हा उगवत नाही आणि तिला औषधही नाही.

त्यातही नुकसान प्रथम होते ते उंच स्वरांच्या जागी, चार हजार कंपनांच्या आसपास. म्हणून माणसाला आपण बहिरे होत आहोत हे कळतच नाही. ढोल ऐकू येतो, मोटार ऐकू येते, माणूस बोलतो आहे हेही कळते. पण स, श, फ, थ ही बारीक व्यंजने गळून जातात. ‘सात’ आणि ‘हात’ एकच वाटू लागतात. घरची मंडळी म्हणतात, ह्यांना ऐकू येते पण हे लक्ष देत नाहीत. बिचाऱ्याला वाटते, हल्ली सगळे पुटपुटतच बोलतात!

येथे आम्हाला स्वतःविषयी थोडे बोलले पाहिजे. तरुणपणी आम्ही एका रायफल क्लबात जात असू. नाव सांगण्याचे कारण नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी तीच रीत होती. तेथले जुने जाणते म्हणत, ‘कान कोवळे आहेत, चार दिवसांत तयार होतील.’ आम्ही त्यावर विश्वास ठेवला. फारच झाले तर कापसाचा बोळा कोंबीत असू. आज आमचा डावा कान उजव्यापेक्षा अधू आहे. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा उजवा कान मान झुकल्यामुळे डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा पडतो. रायफलवाल्याचा कान तपासणारा डॉक्टर पुष्कळदा नुसत्या आलेखावरून सांगतो की, हा गृहस्थ कोणत्या खांद्यावरून गोळी झाडतो.

आमचे स्वतःचे झाले ते आमच्या कर्माने झाले. पण आम्ही शिक्षक होतो आणि तीच शिकवण पुढे दिली. एका सरावानंतर वेणा नदीकाठच्या एका गावचा मुलगा आमच्यापाशी येऊन म्हणाला, ‘सर, कानात रातकिडे ओरडतात.’ आम्ही हसलो आणि म्हणालो, ‘रात्री झोपलास की जातील.’ पुष्कळ वर्षांनी तो आम्हाला येथल्या कापसाच्या बाजारात भेटला. गाडीभोवती लिलाव चालला होता. ह्याच्या शेजारी त्याचा मुलगा उभा होता आणि प्रत्येक बोली बापाच्या उजव्या कानाशी पुन्हा सांगत होता. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘सर, ते रातकिडे अजून आहेत.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हाला अधिक बरे वाटले असते. त्या दिवशी आम्ही कानाला खडा लावला आणि ह्या विषयाचा अभ्यास करू लागलो.

तेव्हा उपाय काय? उपायाच्या तीन जागा आहेत: आवाज जेथे निघतो ती जागा, तो ज्या वाटेने येतो ती वाट आणि तो जेथे पोचतो तो कान.

पहिल्या जागी करता येईल ते असे. शिकाऊ मुलांना आरंभी हवेच्या दाबावर चालणारी रायफल द्यावी. ऑलिंपिकमधला दहा मीटरचा प्रकार हिच्यावरच खेळतात. तिच्यात दारू नाही, म्हणून बारही नाही. पुढे पॉइंट टू टू हाती आली तर मंद वेगाचे काडतूस घ्यावे. त्याची गोळी ध्वनीच्या वेगाखाली राहते आणि कडाका टळतो. नळी जितकी आखूड तितका बार मोठा, कारण वायू पुरता थंडावण्याआधीच बाहेर पडतो. धक्का कमी करण्यासाठी काही रायफलींच्या तोंडाला भोके असलेली टोपी बसवतात. तिने खांदा वाचतो खरा, पण वायू बाजूंना फेकला जातो आणि शेजारच्याच्या कानठळ्या बसतात. राहिला सायलेन्सर. हिराम पर्सी मॅक्सिम ह्या अमेरिकनाने १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. मोटारीच्या धुराड्याला असते तशीच ही युक्ती. वायूला खोल्याखोल्यांतून फिरवून हळूहळू बाहेर सोडावयाचे. सिनेमात दाखवतात तसा ‘फुस्स’ एवढाच आवाज काही उरत नाही. वीस-तीस डेसिबेल कमी होतात आणि गोळीचा कडाका तसाच राहतो. फिनलंड-नॉर्वेसारख्या देशांत शिकारी तो सर्रास वापरतात. आपल्या देशात मात्र शस्त्रनियमांनी आवाज दडवणारी साधने निषिद्ध ठरवली आहेत आणि त्यामागचे कारण सांगावयास नको. तेव्हा तो रस्ता आपल्याला बंद आहे, हे गृहीत धरून चालले पाहिजे.

दुसरी जागा वाटेची. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलने उतरतो. म्हणून पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या मुलांना डागणाऱ्यांच्या पाठीशी खेटून बसवू नये. पन्नास-साठ पावले मागे बसवावे. दहाजणांनी पाच पाच गोळ्या झाडल्या म्हणजे ओळीत निजलेल्या प्रत्येकाने पन्नास बार ऐकलेले असतात, पाच नव्हे. बार पुढच्या अंगाला सर्वांत मोठा असतो, बाजूला त्याहून कमी, मागे आणखी कमी. म्हणून एक रायफल पुढे आणि एक मागे अशी ओळ कधी धरू नये. उन्हासाठी पत्र्याचे छप्पर घालतात, ते तर कानाचे वैरीच. तोच आवाज पत्र्यावरून परतून डोक्यावर येतो. छपराला आतून तुराट्यांचे जाड तट्टे किंवा आवाज शोषणारे दुसरे काही लावावे, मात्र ते आगीपासून जपावे. बंद खोलीतल्या रेंजवर ही काळजी दुप्पट घ्यावी. मातीचा उंच बांध गोळीही अडवतो आणि शेजारच्या वस्तीला आवाजाचा आडोसाही देतो. झाडांच्या एका रांगेने मात्र मनाचे समाधान होते, आवाज फारसा अडत नाही. हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीलगत थंड हवा आणि वर ऊन हवा असली की आवाज वर न जाता खाली वाकतो आणि दूरवरच्या गावात ऐकू येतो. शेजाऱ्यांशी सलोखा राखावयाचा असेल, तर सरावाची वेळ ऊन थोडे वर आल्यावरची ठेवावी.

तिसरी जागा कानाची, आणि खरा भरवसा हिच्यावरच. येथे आपल्या गावच्या लाडक्या पिकाविरुद्ध साक्ष द्यावी लागते, त्याबद्दल आम्हाला क्षमा असावी. कापसाचा बोळा बार अडवीत नाही. कापूस थंडी अडवतो, कारण तो हवा धरून ठेवतो. पण त्याच्या तंतूंमधल्या फटींतून हवेची लाट सहज आत शिरते. बोळा घातलेल्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असे वाटते आणि तो अधिक गोळ्या झाडतो. म्हणजे बोळा नसता तर बरे, अशी पाळी. गिरण्यांच्या विणकाम खात्यात साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या कामगारांनीही हाच बोळा वापरला आणि निवृत्त होईतो त्यांना ओठांवरून बोलणे ओळखण्याची सवय लागली, हे आपल्यापैकी कित्येकांनी घरात पाहिले असेल.

त्याऐवजी दाबले की बारीक होणारे आणि सोडले की फुगणारे फोमचे बूच घ्यावे. चहाच्या एक-दोन कपांच्या किमतीत त्याची जोडी येते. ते घालण्याची एक रीत आहे. बोटांनी वळून वातीसारखे बारीक करावे. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी. बूच आत सारावे आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावे. नीट बसले की आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा वाटतो. नीट बसलेले बूच वीस ते तीस डेसिबेल वाचवते. अर्धवट अडकवलेले त्याच्या निम्मेही नाही. वरून कानावर घालावयाचे मफ येतात. ते झटपट चढवता येतात; पण चष्म्याची काडी, वेणी, ओढणी किंवा टोपी मध्ये आली की फट पडते आणि त्या फटीतून आवाज शिरतो. मोठ्या रायफलीला बूच आणि मफ दोन्ही वापरावे. दोहोंची बेरीज होत नाही, दुसऱ्याने पाच-दहा डेसिबेलच अधिक मिळतात. पण एकशे साठच्या बाराला ते पाच-दहाच निर्णायक ठरतात.

ह्यावर एक रास्त आक्षेप येतो. कान बंद केले तर हुकूम कसा ऐकू येणार? रेंजवर ‘थांबा’ हा शब्द ऐकू न येणे म्हणजे जिवाशी गाठ. आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे. तांबडा झेंडा वर म्हणजे सर्वांनी थांबावयाचे. शिट्टी मोठी असावी. प्रत्येक शिकाऊ मुलामागे खांद्यावर हात ठेवणारा एक जाणता असावा. आता विजेवर चालणारे मफही निघाले आहेत. ते बोलणे आत येऊ देतात आणि बार झाला की क्षणात दार लावतात. ते महाग आहेत, पण हुकूम देणाऱ्याच्या कानावर तरी एक असावा.

शेवटी चार मागण्या करतो. त्या सरकारकडे नाहीत, आपल्याकडेच आहेत. पहिली: ज्या शाळेची मुले रेंजवर जातात त्या शाळेने काडतुसांच्या पेटीबरोबर बुचांची पेटी न्यावी आणि बूच नसेल तर त्या दिवशी गोळी झाडू नये. दुसरी: शिक्षकाने प्रथम आपल्या कानात बूच घालावे, गुरुजींचे कान उघडे असले की मुलांना तीच मर्दुमकी वाटते. तिसरी: नियमाने नेम साधणाऱ्याने आणि गिरणीत राबलेल्यानेही वर्षातून एकदा कान तपासून घ्यावेत, वर्धा आणि सेवाग्राम काही दूर नाही आणि ह्या तपासणीत दुखत काही नाही. चौथी: एखादा मुलगा किंवा मुलगी ‘कानात काही तरी वाजते’ असे म्हणाली, तर हसू नये आणि कानाडोळा करू नये. त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवावा, आवाज दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर विलंब न लावता डॉक्टरकडे न्यावे. ह्या चौथ्या मागणीत आमची स्वतःची चूक सामावलेली आहे, म्हणून ती आम्ही हात जोडून करीत आहो.

 मागच्या ओळीतल्या मंडळींचे प्रश्न असतील तर त्यांनी कृपा करून आमच्या उजव्या बाजूला येऊन विचारावेत.